चुन्याची रेघ

"हळू बोला रे. आतमधी सून जागी असन. तिले यातलं काहीच माईत नाही."

मामाजींचं हे बोलणं माझ्यासाठी नव्हतं. पण ओटा आणि मधली खोली यांच्यामध्ये एक झरोका होता, आणि मामाजींचा हळू आवाजसुद्धा शिरपूरच्या एस.टी. स्टँडपर्यंत जाईल असा. मामाजी म्हणजे माझे सासरे, पुंजाजी. झरोक्याच्या अलीकडे मी आणि आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कंदिलापाशी तीळ निवडत बसलो होतो. संक्रांत तीन दिवसांवर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं माझा भाऊ मला न्यायला येणार होता. सासरहून पहिल्या संक्रांतीला माहेरी जायचं तर तीळ घेऊन जायचे, आणि ते निवडलेले हवेत. तीळ निवडताना मान वर करता येत नाही. त्या कामाची ही एक सोय आहे.

तारीख मला पक्की आठवते. अकरा जानेवारी सत्त्याहत्तर, मंगळवार. पौषातली थंडी, चंद्र उशिरा उगवणारा. कोनाड्यातल्या गजराच्या घड्याळात साडेनऊ झाले होते.

लग्नाला एकेचाळीस दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत मला एवढं कळलं होतं, की या घरात महत्त्वाचं ते ओट्यावर बोलतात आणि मला सांगायचं ते चुलीपाशी. चुलीपाशी मीठ, पाणी आणि गाईचा चारा यापलीकडे विषय जात नाही. माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं, हिंगोलीकडचं. इकडचं कुणी ओळखीचं नाही की ज्याला विचारावं.

आणि विचारण्यासारखं होतं. माझ्या नवऱ्याचं नाव मी घेत नाही. दुकानाच्या पाटीवर आहे तेच लिहिते, 'रंगराव रेडिओ'. हे गृहस्थ दिवसभर स्टँडवरच्या दुकानात लोकांचे ट्रान्झिस्टर उघडून बसत. रात्री जेवण झालं की मागच्या अंगणात जात, हातात एक यंत्र घेऊन. साडेदहाला आत येत आणि भिंतीकडे तोंड करून झोपत. मारलं नाही, रागावलं नाही. माझ्याकडे कधी वाईट नजरेनं पाहिलं नाही. पाहिलंच नाही, असं म्हणा. एकेचाळीस रात्री एका माणसाशेजारी झोपून, आपण इथे आहोत की नाही अशी शंका मला यायला लागली होती. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तेही येत नव्हतं.

म्हणून मी मनाशी ठरवलं होतं. या माणसाच्या अशा वागण्याचं कारण कळलं, तर संक्रांत करून परत यायचं. नाही कळलं, तर भावाला सांगायचं की मला पुन्हा पोचवू नकोस. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि हातात आता एक रात्र होती.

अंगणात खड्डे होते, वीत वीतभर खोल, सगळे बुजवलेले. पहिल्याच आठवड्यात मी आत्याबाईंना विचारलं होतं. "घूस लय झाली व माय," त्या म्हणाल्या होत्या. घूस उकरते हे खरं. पण उकरून झाल्यावर माती परत भरून वर शेणाचा हात फिरवणारी घूस मी आमच्याकडे पाहिली नव्हती.

बाहेर ओट्यावर शेकोटी होती. ऐकायला चौघं जमले होते. एक लखीराम, तांड्यावरचा, स्टँडवर मोटारींवर सामान चढवणारा. एक गोपीचंद, दुलीचंद शेठजींचा पुतण्या. आणि माझे दोन चुलत दीर.

"माह्या ओळखीचा एक मानूस हाय," मामाजींनी सुरुवात केली. "रेडिओ दुरुस्तीवाला."

"कोन्या गावचा, आबाजी?" लखीरामनं विचारलं.

"इकडचाच."

"नाव?"

"नाव नाही सांगत. जिता हाय थो अजून."

"शिरपुरात तं रेडिओवाला एकच…"

"तुले गोष्ट आयकाची हाय का त्याचं रेशनकार्ड बनवाचं हाय?"

सगळे हसले. आत आत्याबाई हसल्या नाहीत.

"तं या मानसानं एक मशीन बनवली," मामाजी म्हणाले. "बांबूच्या काठीले खाली लाकडाचं कडं, पोळपाटाएवढं. त्याले तांब्याचा तार गुंडाळेल व्हता. वर ट्रान्झिस्टर बांधेल, अन् कानाले मिलिट्रीतले जुने भोंगे. कडं जमिनीवरून फिरवलं की कानात बारीक शिट्टी वाजे. खाली धातू असला की शिट्टी बदले. लोखंड असलं तं भसाडी. चांदी असली तं अशी… सुईवानी."

ते यंत्र मी रोज पाहत होते. मला वाटत होतं, तो रेडिओचाच काही प्रकार आहे.

"लोकं त्याले जुन्या घरांच्या आंगनात बलावे. घर पाडलं, इकलं, वाटन्या झाल्या, की पह्यले याले बलवा. हा नांगराच्या तासावानी सरळ रेघांत चाले. वाजलं की चिमूटभर चुना टाके. मंग खुरप्यानं उकरे, माती चाळनीतून चाळे. तांब्याच्या शिवराया निंगे, ढब्बू पैसे निंगे, पितळी कड्या, कुलपं, कोनाच्या पोराचा वाळा. राणीछाप रुपया एखाद्या येळेस."

"आमच्या परसात निंगाला व्हता राणीछाप," गोपीचंद म्हणाला. "काकाजीनं अजून ठेवेल…"

"तू गप रे. तुह्या काकाजीचं नाव नाही घेतलं मी."

लखीराम खो खो हसला. मामाजींनी त्याला हसून घेऊ दिलं.

"आता या कामाची एक गोम हाय. मशीनले काय कळते, जमिनीतलं कोनतं अन् बाईच्या पायातलं कोनतं? जवळ कोनी आलं, पायात जोडवं असलं, कमरेले किल्ली असली, तरी ते वाजनच. मंग हा उगाच उकरत बसे. म्हून त्यानं कायदा केला. काम चालू कराच्या आधी चुन्याची रेघ मारे, दहा हात दूर. रेघेच्या अलीकडं कोनी याचं नाही. बायांनी तं बिलकुल नाही."

विडी पेटवल्याचा वास झरोक्यातून आत आला.

"त्याची बायको…"

आत्याबाईंचा हात तिळात थांबला.

"बायको व्हती त्याची. पयली."

आत्याबाई खोकल्या. मोठ्यानं, एकदा, दोनदा, तीनदा. तो खोकला घशातून आलेला नव्हता.

"बुढीले खोकला झाला," मामाजी बाहेर म्हणाले आणि पुढे सांगू लागले.

पहिली. हा शब्द मी नीट ऐकला. मग एक काळा खडा दिसला, तो उचलून ताटाच्या कडेला ठेवला. दुसरा दिसला, तोही ठेवला. माझ्या बाबांना हे माहीत होतं का, एवढं एकदा मनात आलं. तेही टिकलं नाही.

"काईबाई सांगत रायते बुढा," आत्याबाई हळूच म्हणाल्या. "मनावर नोको घेऊ."

"नाही घेत," मी म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. मनापर्यंत काही पोचतच नव्हतं.

"त्र्याहत्तरचा उन्हाळा आठवते का तुमाले?" मामाजी विचारत होते. "दुष्काळाचं साल. इहिरीले पानी नाही. आमच्या मळ्यात… म्हंजे, सगळ्यायच्याच मळ्यात नुसते ढेकळं. वांगं नाही, मेथी नाही. रेडिओ दुरुस्तीले कोन आनते अशात? म्हून त्या मानसानं ठरवलं, लोकायचे आंगनं लय पाह्यले, आता घरचं पाहू. घर एका शेठजीपासून घेतेल, जुनं. मांगचं आंगन मोठं. कोनं काय पुरलं असन, कोनाले माईत?"

"सापडलं?"

"आयक. पयल्या राती बायको पान्याचा तांब्या घेऊन त्याच्याजवळ गेली. पायात जोडवे. मशीन वाजली, चांदीची शिट्टी. हा खूश. बसला उकरत. दोन घंटे उकरलं. मंग समजलं, ते हिच्या पायातलं व्हतं. लय चिडला. म्हने, पायातलं काढून ये, नाही तं येऊच नोको. ती काही बोलली नाही. गरीब व्हती. दुसऱ्या दिवशी…"

त्यांनी बोटांवर हिशेब केल्यासारखं थांबून सांगितलं.

"जून म्हैन्याची तीन तारीख. ऐतवार. रातचे साडेनऊ."

मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेदहा.

"हा कोपऱ्यात, घराकडं पाठ करून. कानाले भोंगे. ते भोंगे लावले की मानूस जमिनीत जाते, वरचं काही त्याले आयकू येत नाही. ती गोवऱ्या घ्याले मांगच्या भिंतीपाशी गेली. दिवा नाही. गोवऱ्याच्या ढिगात हात घातला अन् पाय खाली टेकला… पायाले डसलं."

"साप?"

"उजव्या पायाले."

ओट्यावर कुणीतरी पाय जवळ ओढून घेतले.

"ती त्याच्याकडं आली. लंगडत. रेघेपर्यंत आली… अन् थांबली."

"काहून?" गोपीचंदनं विचारलं.

"रेघ व्हती नं."

शेकोटीतलं लाकूड तडकलं. मामाजींची वाक्यं आता लहान होत चालली होती.

"तिथून तिनं हाक मारली. 'अवो…' नाव कसं घेईन? कोनती बाई घेते? 'अवो…' त्याच्या कानात शिट्टी. आजूबाजूच्या पाच घरांत आयकू गेलं. पाची घरांत बायका नवऱ्याले अवोच म्हन्ते. ज्यानं आयकलं त्याले वाटलं, शेजारची हाय. आपल्या मानसाले बलावते. कोनी कूस बदलली. कोनी इडी पेटवली."

मामाजींनी काटकी मोडून शेकोटीत टाकली.

"तिच्या सासऱ्यानं बी आयकलं… ओट्यावरून. त्याले बी तसंच वाटलं."

बाहेर कुणीतरी नाक ओढलं. थंडीनं असेल.

"किती येळ, आबाजी?"

"अर्धा घंटा… घंटा. कोन पाह्यलं. त्या मानसाले त्या राती एक शिवराई सापडली. धोतराले घासली. खूश झाला. बायकोले दाखवावं म्हून मांगं वळला…"

पुन्हा विडीचा वास आत आला.

"रेघेच्या पल्ल्याड पडेल व्हती. हात बी रेघेवर नव्हता तिचा."

"अन् एक," मामाजी पुढे म्हणाले. "आंगोळ घालताना बायकायनं पाह्यलं. उजव्या पायातलं जोडवं हाय, डाव्या पायातलं नाही. शोध शोध शोधलं. सवाष्ण बाई एका जोडव्यानं गेली. कसं काय पडलं, कोनाले समजलं नाही."

"काढलं व्हतं तिनं."

हे आत्याबाई बोलल्या. ओट्यावर नाही, मला. मान खालीच होती, बोटं तिळात फिरत होती आणि काहीच निवडत नव्हती.

"डाव्या पायातलं काढलं, फेकून देल्लं. उजव्यातलं निंगालं नाही. पाय सुजला व्हता." त्या थांबल्या. "रेघ ओलांडाची व्हती नं तिले. यायले काय समजते बायकायचं."

"आत्याबाई, त्यांचं नाव?"

"कमली."

मीठ-पाणी आणि ते खड्डे सोडले, तर त्या घरात मी विचारलेला तो पहिला प्रश्न. त्यांनी उत्तर दिलं. पदरानं डोळे पुसले. मला वाटलं आता आपणही रडू. डोळे कोरडेच राहिले. मी तिळाचं ताट हलवून सारखं केलं.

बाहेर लखीरामचा आवाज आता बारीक झाला होता. "मंग त्या मशीनीचं काय झालं?"

"माळ्यावर टाकली. तीन वर्सं हात लावला नाही. मंग मागच्या साली आसेगावहून एक मानूस आला. जुनं घर पाडलं व्हतं, म्हने आंगन पाहून द्या. हा नाही नाही म्हने. बापानंच म्हटलं, जाय. चार लोकांत जाशीन, जीव रमन. आसेगावच्या गाडीले सकाळी जाचं, म्हून आदल्या राती मशीन काढली. नवे सेल टाकले. घरच्याच आंगनात आपला एक रुपया फेकून पाह्यला, वाजते का. वाजली. तारीख सांगतो. सप्टेंबरची अट्ठावीस, मंगळवार. दसऱ्याच्या आधी."

"मंग?"

"रुपया उचलला. कडं फिरवत घराकडं चालला. अन् मधीच वाजली. सुईवानी… चांदी."

"कुठी?"

"रेघ व्हती तिथी. रेघ कुठली आता? तीन वर्साचं शेन सारवेल. पन त्याले जागा माईत व्हती."

"जोडवं!"

"त्याले बी तेच वाटलं. उकरलं. ईतभर खोल… नाही. माती चाळली. नाही. परत कडं फिरवलं. आवाज एक हात सरकेल व्हता."

"सरकेल?"

"सरकेल. तिथी उकरलं. नाही. आवाज अजून एक हात. रेघेच्या… अलीकडं."

कुणीतरी शेकोटीजवळ सरकलं.

"त्याच्याकडं येत व्हता. हात हात. हा उकरते. थो सरकते. हा उकरते… अन् मंग शिट्टीच्या खालून…"

मामाजींचा आवाज गेला. खाकरले. पुन्हा आला.

"'अवो.'"

"भोंगे काढले. काही नाही. रात. भोंगे लावले. 'अवो.' काढले. काही नाही."

"कानात भरलं असन त्याच्या," लखीराम म्हणाला. त्यालाही ते पटल्यासारखं वाटलं नाही.

"बापाले बी तसंच वाटलं. बाप आंगनात गेला. म्हने, आन इकडं. सोताच्या कानाले लावले भोंगे…"

…

"मंग?"

…

"आबाजी? मंग?"

"आयकू आलं."

यावर कुणी विनोद केला नाही.

"दुसऱ्या दिवशी आसेगावची गाडी गेली. हा गेला नाही. त्या दिवसापासून अंधार पडला की आंगनात. सकाळपर्यंत. जेवन नाही, झोप नाही. वढून घरात आनला तरी परत जाये. म्हने, बाबा, तवा आयकू आलं नाही. आता आयकू येऊन राह्यलं, तं कानातलं काढू कसं?"

आत्याबाईंनी कंदिलाची वात उगाच वर-खाली केली.

"दिवाळीपर्यंत हाडं उरले त्याचे. मंग बापानं इचार केला. मेलेल्या बाईच्या हाकेवर दुसरा उपाय नाही. जित्या बाईची हाक पाह्यजे. घरातून कोनी बलावलं तं हा उठन. म्हून लगन लावलं. पोरगी दूरची पाह्यली, नदीपल्ल्याडची. जवळची कोन देते? तिले काही सांगतलं नाही. चुकलं ते… पन सांगतलं असतं तं आली असती का?"

"आवाज कसा हाय पोरीचा?" लखीरामनं विचारलं. "हाकेसाठी आनली म्हंता म्हून."

"कोनं आयकला? पाहाले गेलो तवा खालची मान वर केली नाही तिनं. पेपर वाचाले देल्ला, तं मनातच वाचला."

हे खरं होतं. मला वाटलं होतं, वाचता येतं का एवढंच त्यांना पाहायचं आहे. हाकेसाठी सून शोधत पैनगंगा ओलांडली, आणि निवडली मी. त्या क्षणी मला हसू येणार होतं. ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"मुकी निंगाली असती तं, आबाजी?"

"मुकी नाही," मामाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. इतका मऊ आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "लय गुनाची पोर हाय. दिवसा शब्द नाही तोंडातून. पन लगन झाल्यावर तिसरी रात. साडेदहा. मांगच्या दारातून हाक आली. 'अवो…' हळूच. अन् कानाले भोंगे असताना बी त्याले आयकू गेलं. उठला. माती झाडली. घरात गेला, झोपला. सकाळपर्यंत."

"मंग?"

"मंग काय? तवापासून रोज. साडेदहाले हाक मारते, अन् हा उठून घरात जाते. मी… त्याचा बाप ओट्यावर बसून आयकते. आयकली की बाप बी झोपते. तीन वर्सानं झोपून राह्यला थो."

कुणी "आबाजी" म्हणालं नाही. कोणाची गोष्ट आहे, हे आता विचारायचं राहिलं नव्हतं.

आत, आत्याबाईंनी हात पुढे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. खरखरीत हात, तिळाची कुसं लागलेला. एकेचाळीस दिवसांत त्यांनी मला असा हात लावला नव्हता.

"माय व," त्या म्हणाल्या, "आमी तुह्याशी खोटं वागलो. तुह्या बापाशी बी. पन तू माह्या लेकाले घरात आनलं. राग असन तं मले शिव्या दे. फक्त चार दिवसाच्या वर राहू नोको माहेरी. तू नसशीन तं रातच्याले त्याले कोन बलावन?"

मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिले.

साडेदहाची ती हाक मलाही माहीत होती. आतल्या खोलीत, पांघरूण डोक्यावर घेतलेलं असताना, मागच्या बाजूनं येणारी. हळू, दमलेली. रोज ऐकली होती. मला वाटायचं, शेजारची आहे. आपल्या माणसाला बोलावते. मी कूस बदलायची.

आता भीती वाटायला हवी होती. पाय गार पडले होते. बाकी काही नाही.

मी गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? त्या घरात पहिल्यांदा माझी गरज कुणाला तरी होती. मामाजींना झोप लागत होती. आत्याबाईंचा हात गुडघ्यावर होता. मला हवं होतं ते कारणही मिळालं होतं. तीळ निवडून झाले होते. काहीच बोलायला नको होतं.

कोनाड्यातलं घड्याळ मी पाहिलं. मोठा काटा सहावर होता. साडेदहा.

"अवो…"

मागच्या दारातून.

हळू. दमलेली. थोडी ओढलेली, जशी रोज.

बाहेर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. लखीराम हसला, सुटल्यासारखा. "घ्या. बलावलं वयनीनं."

"हं," मामाजी म्हणाले. "झालं. आता येते थो. जा रे पोरंहो, घरी जा."

मागे अंगणात माती झाडल्याचा आवाज आला. यंत्र भिंतीला टेकवल्याचा. मग मागच्या दाराची कडी.

आत्याबाईंचा हात माझ्या गुडघ्यावरच होता. त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. माझ्या मिटलेल्या ओठांकडे. हात हळूहळू गार होत गेला, आणि तो काढायचं त्यांना सुचलं नाही. मीच उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

डोक्यावर पदर घेतला. उठले. मागच्या दाराकडे गेले नाही. पुढचं दार उघडलं आणि ओट्यावर आले.

शेकोटीच्या उजेडात पाच तोंडं माझ्याकडे वळली. मामाजींनी मला पाहिलं. मग घराच्या मागच्या बाजूला पाहिलं. मग परत मला.

"सूनबाई… तू इकडं…"

लखीराम उठून उभा राहिला. विडी मामाजींच्या बोटांत जळत होती.

मी खालची मान वर केली. आवाज मोठा निघाला, माझाच मला अनोळखी वाटावा इतका. मी म्हणाले,

"चार दिवसांनी मी परत येते, मामाजी. पण त्यांना मी आजपर्यंत एकदाही हाक मारलेली नाही."